राणीच्या दालनाची किल्ली

इंग्लंडच्या राणी ॲनला हात धुवायचे असले, की मागच्या जिन्यावरचा हुजऱ्या तस्त आणि झारी आणून बाजूच्या मेजावर ठेवायचा. मग दालनातली सेविका ते तस्त राणीपुढे मांडायची, मेजाच्या पलीकडे गुडघे टेकून बसायची आणि राणीच्या हातांवर पाणी घालायची. बड्या सरदारघराण्यातली एक मानकरीण शेजारी उभी असायची, पण ती फक्त बघायची. कपडे बदलताना आतला झगा सेविकेनं मानकरणीच्या हाती द्यायचा आणि मानकरणीनं तो राणीच्या अंगावर चढवायचा. हातमोजे राणीला स्वतःला घालता आले नाहीत, तर ते काम सेविकेचं. जोडे घालायला पुन्हा हुजऱ्या.

हे सगळं कागदावर उतरलं ते 1728 मध्ये, ॲनच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी. तेव्हाची राणी कॅरोलाइन हिच्यापुढे तस्त धरताना गुडघे टेकायचे की नाही, यावरून दरबारात वाद झाला होता. जुना रिवाज काय होता, अशी विचारणा डॉक्टर आर्बथनॉट यांच्यामार्फत ॲबिगेल मॅशमकडे गेली, कारण ॲनच्या हातांवर पाणी घालणाऱ्या सेविकांपैकी ती एक होती. याच बाईनं इंग्लंडचं सरकार उलथवलं, असं तिचे शत्रू म्हणत.

तस्त कुणी धरायचं यावर एवढा खल का, हे समजायला त्या काळचा राजवाडा डोळ्यांपुढे आणावा लागतो. राजवाड्यात दालनामागे दालन असे, आणि जितकं आत जावं तितकी माणसं कमी होत. सगळ्यात आत शयनगृह. तिथल्या सर्वोच्च मानकऱ्याचं पद म्हणजे ‘ग्रूम ऑफ द स्टोल’. सोन्याची किल्ली ही त्याची खूण. राजाला एकांतात कोण भेटणार, हे पुष्कळसं त्याच्या हातात असे. तिसऱ्या विल्यमच्या काळात ही जागा आधी त्याचा जिवलग मित्र विल्यम बेंटिंक याच्याकडे आणि पुढे अर्ल ऑफ रॉम्नी याच्याकडे होती. मार्च 1702 मध्ये विल्यम गेला आणि ॲन गादीवर आली. राज्यकर्ती स्त्री म्हटल्यावर शयनगृहातल्या जागाही स्त्रियांकडे आल्या. पार्लमेंटमध्ये त्यांना जागा नव्हती, मंत्रिपद नव्हतं, पण सत्तेच्या सगळ्यात आतल्या दाराशी आता त्याच उभ्या होत्या. पुढची बारा वर्षं इंग्लंडच्या राजकारणात स्त्रियांची नावं एवढी गाजली, त्याचं खरं कारण हे आहे. ते सोडून बायकांच्या रुसव्याफुगव्यांवर बोट ठेवणं हा या स्त्रियांवर अन्याय आहे.

किल्ली मिळाली सारा चर्चिलला. ती ॲनपेक्षा पाच वर्षांनी मोठी, देखणी, तल्लख आणि तिखट जिभेची. दोघींची ओळख लहानपणापासूनची. 1688 च्या नोव्हेंबरात ॲननं वडिलांची, म्हणजे दुसऱ्या जेम्सची बाजू सोडली, तेव्हा रात्री मागच्या जिन्यानं तिला व्हाइटहॉलमधून बाहेर काढणाऱ्यांत सारा होती. पुढच्या वर्षी ॲनला पार्लमेंटकडून सालिना 50,000 पौंडांचं स्वतंत्र वेतन मिळवून देण्यासाठी तिनंच धावपळ केली. थोरली बहीण राणी मेरी हिनं 1692 मध्ये ‘साराला काढून टाक’ म्हणून हट्ट धरला, तेव्हा ॲननं राजवाडा सोडला, साराला सोडलं नाही. पत्रांत दोघी एकमेकींना ‘मिसेस मॉर्ली’ आणि ‘मिसेस फ्रीमन’ म्हणत. राजकन्या आणि चाकर हा भेद पत्रात तरी राहू नये, ही ॲनचीच इच्छा. सतरा वेळा गरोदर राहून तिचं एकही मूल मोठं झालं नाही. सगळ्यात जास्त जगलेला मुलगा 1700 मध्ये अकराव्या वर्षी गेला. संधिवातानं ती इतकी जर्जर होती की राज्याभिषेकालाही तिला खुर्चीतून न्यावं लागलं. अशा बाईला सोबतीचं मोल किती असेल!

ॲन राणी झाली तशी सारा एकाच वेळी चार पदांवर बसली: ग्रूम ऑफ द स्टोल, पोशाखखान्याची प्रमुख, खासगीच्या खजिन्याची मुखत्यार आणि विंडसरच्या राजउद्यानाची रखवालदार. नवरा जॉन चर्चिल, ड्यूक ऑफ मार्लबरो, सेनापती. चर्चिल घराण्याचा सोयरा गोडॉल्फिन खजिन्याचा मंत्री. 1704 च्या ऑगस्टमध्ये ब्लेनहाइमला फ्रेंचांचा धुव्वा उडाला, तेव्हा मार्लबरोनं घोड्यावरूनच खाणावळीच्या बिलामागे पेन्सिलीनं चार ओळी खरडल्या. युद्ध राणीचं, सेना राणीची, पण चिठ्ठी बायकोच्या नावे! राणीला आपला मुजरा सांग आणि विजयाची वार्ता दे, असा तिचा मजकूर. त्या काळची सत्तेची वाट कुठून जात होती, हे त्या चिठ्ठीइतकं दुसरं काही सांगत नाही.

तरीही साराचा शब्द राणी किती ऐकत होती? त्या वेळच्या दोन पक्षांपैकी सारा कट्टर व्हिग, तर ॲनचा ओढा चर्चनिष्ठ टोरींकडे. आपला जावई सन्डरलंड याला मंत्री करा म्हणून सारानं पत्रांवर पत्रं धाडली. राणी महिनोन् महिने बधली नाही. 1706 च्या डिसेंबरात अखेर नेमणूक झाली ती गोडॉल्फिन आणि मार्लबरो यांनी सगळा भार टाकल्यावर, पार्लमेंटमधल्या व्हिगांच्या जोरामुळे. साराचं सामर्थ्य वाट मोकळी करण्यात होतं: कुणाची गाठ घालून द्यायची, कुणाचा अर्ज पुढे सरकवायचा, कुणाला जागा मिळवून द्यायची. राणीचं मत फिरवणं तिला क्वचितच जमलं. शिवाय ती दरबारात फारशी थांबेनाशी झाली. पदं तिच्याकडे होती, पण रोजची सेवा दुसरंच कुणी करत होतं.

ते दुसरं कुणी तिनंच आणलेलं. ॲबिगेल हिल ही साराची मामे-आते नात्यातली गरीब बहीण. बापाचं दिवाळं निघालेलं, पोरीवर लोकांच्या घरी चाकरी करायची पाळी आलेली. सारानं तिला राणीच्या सेवेत लावून दिलं. ॲबिगेल शांत होती, दुखणाईत राणीची शुश्रूषा मन लावून करायची आणि वाद घालायची नाही. 1707 मध्ये तिनं राजवाड्यातल्याच सॅम्युएल मॅशमशी गुपचूप लग्न केलं. राणी त्या लग्नाला हजर होती, आणि साराला त्याचा पत्ता नव्हता. त्याहून मोठी गोष्ट अशी की टोरींशी जवळीक असलेला मुरब्बी राजकारणी रॉबर्ट हार्ली हाही ॲबिगेलच्या नात्यातला. फेब्रुवारी 1708 मध्ये हार्लीचं मंत्रिपद गेलं, पण मागचा जिना बंद झाला नाही. त्याचे निरोप ॲबिगेलच्या हातून राणीपर्यंत पोचत राहिले.

यापुढे सारानं जे केलं ते वाचताना वाईट वाटतं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विजयाच्या प्रार्थनेला सेंट पॉल्सला जाताना, आपण काढून ठेवलेले दागिने राणीनं घातले नाहीत म्हणून ती भर रस्त्यात भांडली आणि चर्चच्या दारात तिनं राणीला गप्प बसायला सांगितलं. एप्रिल 1710 मध्ये केन्सिंग्टनला दोघींची शेवटची भेट झाली. सारा रडली, कैफियत मांडू लागली. काय असेल ते लिहून कळवा, एवढंच राणी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. ऑगस्टमध्ये गोडॉल्फिन गेला, हार्ली आला. जानेवारी 1711 मध्ये युरोपभर ज्याचा दरारा तो मार्लबरो राणीपुढे गुडघ्यांवर आला, बायकोची पदं राहू द्या म्हणाला. राणी ढळली नाही. किल्ली परत करावी लागली.

ती किल्ली ॲबिगेलला मिळाली नाही, हे मात्र सांगायचं राहून जातं. तिला खासगीचा खजिना मिळाला. ग्रूम ऑफ द स्टोल झाली डचेस ऑफ सॉमरसेट, पर्सी या मातब्बर घराण्याची वारसदार आणि व्हिगांच्या बाजूची. राणीनं दोन पक्षांच्या दोन बायका जवळ ठेवल्या आणि तोल स्वतः सांभाळला. लेखक जोनाथन स्विफ्टला हे उमगलं, पण उशिरा. त्यानं डचेसवर जहरी कविता लिहिली. इंग्लंडमधलं बड्या पदाचं त्याचं स्वप्न पुढे फळलं नाही. 1713 मध्ये डब्लिनच्या सेंट पॅट्रिक्सचा डीन होऊन त्याला आयर्लंडला परतावं लागलं.

ॲबिगेलच्या वशिल्याची किंमतही लहान नव्हती. तिचा भाऊ जॅक हिल याला 1711 मध्ये क्विबेकवरच्या स्वारीचं सैन्य मिळालं. सेंट लॉरेन्स नदीच्या मुखाशी धुक्यात जहाजं खडकांवर आदळली, शेकडो माणसं बुडाली आणि मोहीम लढाईविनाच परतली. त्याच वर्षअखेरीस मार्लबरोला बडतर्फ करण्यात आलं. फ्रान्सशी तह करण्यासाठी लॉर्डांच्या सभागृहात मतं कमी पडत होती, म्हणून राणीनं एकदम बारा नवे लॉर्ड केले. त्यांत सॅम्युएल मॅशम होता. त्याला सरदारकी द्यायला राणी आधी राजी नव्हती. ॲबिगेल लॉर्डाची बायको झाली, तर आपल्या अंथरुणापाशी पडून राहणारी, खालची कामं करणारी सेविका जाईल, ही तिची काळजी. सत्ता आणि चाकरी यांची इतकी घट्ट गाठ दुसरीकडे क्वचितच दिसते.

ॲन म्हणजे सख्यांच्या तालावर नाचणारी दुबळी बाई, हा समज मुख्यतः साराच्या लेखणीनं पसरवला. 1742 मध्ये तिनं आपल्या दरबारी कारकिर्दीची हकिकत छापली आणि पिढ्यान् पिढ्या इतिहासकार तिच्याच डोळ्यांनी तो दरबार पाहत राहिले. 1980 मध्ये एडवर्ड ग्रेग यांनी लिहिलेल्या चरित्रानं ते चित्र पालटलं. दर आठवड्याला मंत्र्यांच्या बैठकीत स्वतः बसणारी, हेका न सोडणारी राणी त्यातून पुढे आली. हे मत पटण्याजोगं आहे. पण म्हणून या बायकांचं राजकारण पोकळ ठरत नाही. राणीनं काय ठरवावं हे त्यांच्या हातात नसेल, पण ठरवण्याआधी तिच्या कानावर काय पडावं, हे पुष्कळदा त्यांच्याच हातात होतं.

पुढच्या पुढाऱ्यांनी हे नीट ओळखलं होतं. मे 1839 मध्ये मेलबर्नच्या व्हिग सरकारनं राजीनामा दिला, तेव्हा टोरी पुढारी रॉबर्ट पील यांनी एकोणीस वर्षांच्या व्हिक्टोरियाकडे एक मागणी केली: शयनगृहातल्या काही मानकरणी बदला. त्यांतल्या कित्येक व्हिग पुढाऱ्यांच्या बायका होत्या. पार्लमेंटमध्ये बहुमत नसताना राणीच्या घरातही विरोधकांचाच गोतावळा असेल, तर राणीचा आपल्यावर विश्वास आहे हे कुणाला पटणार, असा त्यांचा सवाल. व्हिक्टोरियानं एकही बाई काढायला नकार दिला, पील यांनी सरकार बनवायला नकार दिला आणि मेलबर्न आणखी दोन वर्षं पंतप्रधान राहिले. 1841 मध्ये पील पुन्हा सत्तेच्या दाराशी आले, तेव्हा राणीचा नवरा अल्बर्ट यानं आधीच बोलणी करून ठेवली होती. सदरलंड आणि बेडफर्डच्या दोन डचेस आणि लेडी नॉर्मनबी यांनी आपापल्या जागा सोडल्या, आणि मगच नवं सरकार आलं.