मुक्काम पोस्ट झीरो पॉइंट सेव्हन

ट्रान्सप्लान्ट झालं, पण आजार गेला नाही. मग? मग सोमवारी ऑफिस, महिन्याला रक्ततपासणी आणि अधेमधे आयुष्य!

‘ट्रान्सप्लान्ट झालं ना? म्हणजे आता सगळं क्लिअर!’ ऑफिसच्या कॅन्टीनपासून सोसायटीच्या लिफ्टपर्यंत हे वाक्य मी किमान शंभरदा ऐकलंय. लोकांचा दोष नाही. ट्रान्सप्लान्ट हा शब्दच एवढा भारदस्त, की त्यानंतर ‘समाप्त’ची पाटी पडायलाच हवी असं वाटतं. माझी पडली नाही. पिक्चर चालू आहे.

वय ३९, हिंजवडीत टेस्टिंग लीड, आणि मल्टिपल मायलोमाची पेशंट. मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर. या पेशी हाडांच्या आतल्या बोनमॅरोत राहतात आणि जंतूंशी लढणारी प्रोटीन्स बनवतात. त्यातली एखादी बिघडली, की स्वतःच्याच कॉप्या काढत सुटते आणि एकच बिनकामाचं प्रोटीन धो धो बनवते. ते ‘एम प्रोटीन’. मग हाडं पोखरतात, हिमोग्लोबिन घसरतं, किडनीवर ताण येतो. आजार बहुतेकदा पन्नाशी-साठीनंतरचा. २०२१मध्ये अभिनेत्री किरण खेर यांना तो झाल्याचं जाहीर झालं, तेव्हा अनेकांनी हे नाव पहिल्यांदा ऐकलं. माझं एम प्रोटीन सुरुवातीला होतं ४.२.

फंडा काय होता?

आधी चार महिने औषधं, मग ऑटोलॉगस ट्रान्सप्लान्ट. म्हणजे डोनर मीच! इंजेक्शनं घेऊन स्टेम सेल्स रक्तात उतरवायच्या, मशीनने गोळा करायच्या, जपून ठेवायच्या. मग मेल्फलान या औषधाचा जबर डोस. तो चालू असताना बर्फ चघळत बसायचं, म्हणजे तोंड कमी सोलवटतं. त्यानंतर आपल्याच पेशी सलाइनसारख्या परत शरीरात. ऑपरेशन वगैरे काही नाही. कॅन्सरवर खरा मारा मेल्फलान करतं. स्टेम सेल्स येतात त्या पडझडीनंतर घर पुन्हा उभं करायला. मेल्फलानला दाद न देणाऱ्या मायलोमा पेशी मात्र मागे उरतात.

माझ्या उरल्या. शंभराव्या दिवसाचा आकडा १.४. डॉक्टरांच्या भाषेत ‘पार्शल रिस्पॉन्स’, म्हणजे निम्म्याहून जास्त घट, पण नव्वद टक्के नाही. आईने तोंडाने काही म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर एकच शब्द होता. नापास.

नापास कोण म्हणतं?

‘म्हणजे सगळं वाया गेलं?’ मी डॉक्टरांना सरळ विचारलं. त्यांनी गोड बोलून वेळ मारून नेली नाही. आकडा शून्यावर गेला तर चांगलंच, अशांचा पुढचा काळ सरासरीने जास्त चांगला जातो, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पण दोन गोष्टी जोडल्या. एक, पूर्ण रेमिशन मिळालेल्यांचाही मायलोमा बहुतेकदा कधी ना कधी परततो, तपासण्या त्यांनाही सुटत नाहीत. दोन, खाली येऊन एका जागी टिकलेला आकडा हीसुद्धा कमाई असते.

ट्रान्सप्लान्ट हा शेवटचा पत्ताही नाही. प्रामुख्याने फ्रान्समध्ये झालेला ७०० रुग्णांचा एक अभ्यास २०१७मध्ये प्रसिद्ध झाला. लगेच ट्रान्सप्लान्ट केलेल्यांचा आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. पण आधी औषधं घेऊन ट्रान्सप्लान्ट राखून ठेवलेल्यांशी तुलना केली, तर चार वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं.

आणि औषधांची गोष्ट तर सिनेमात शोभेल अशी. थॅलिडोमाइड हे १९६०च्या आसपास अर्भकांमध्ये भयानक व्यंगं निर्माण करून बदनाम झालेलं औषध. १९९७मध्ये न्यूयॉर्कमधल्या एका तरुण डॉक्टरचा मायलोमा ट्रान्सप्लान्टनंतरही हटत नव्हता. त्याच्या पत्नीने बोस्टनचे संशोधक ज्युडा फोकमन यांना गाठलं. त्यांनी सुचवलं, थॅलिडोमाइड देऊन बघा. त्या डॉक्टरला उपयोग झाला नाही, तो वाचला नाही. पण अर्कान्सामध्ये तेच औषध मिळालेला दुसरा रुग्ण सुधारला. १९९९मध्ये सीमा सिंघल आणि सहकाऱ्यांनी ८४ जणांचे निष्कर्ष छापले. बहुतेकांचा आजार ट्रान्सप्लान्टनंतर परतलेला होता, तरी जवळपास एक-तृतीयांश लोकांना फायदा झाला. मग अमेरिकेत २००३मध्ये बोर्टेझोमिबला मान्यता मिळाली, २००६मध्ये लेनालिडोमाइडला, २०१५मध्ये डाराटुमुमॅबला, २०२१मध्ये मायलोमावरच्या पहिल्या कार-टी थेरपीला.

मला डाराटुमुमॅब सुरू झालं, जोडीला पोमॅलिडोमाइडची गोळी. ही गोळी थॅलिडोमाइडच्याच घराण्यातली. आकडा ०.७वर आला आणि गेले चौदा महिने तिथेच ठाण मांडून आहे.

रोजचं गणित

बुधवारी डेक्सा, म्हणजे स्टेरॉइड. त्या रात्री दोन वाजता मी मसाल्याचे डबे पुसत असते! शुक्रवारी बॅटरी डाऊन. टीमला हे पाठ झालंय : अवघड मीटिंग गुरुवारी, शुक्रवारी मॅडमना छेडायचं नाही. बोर्टेझोमिबने पावलं बधिर केली, त्यामुळे चप्पल पायातून निसटली तरी पत्ता लागत नाही. आता मागे पट्टा असलेल्याच सँडल्स. ट्रान्सप्लान्टनंतर लहानपणीच्या लसी पुन्हा घ्याव्या लागल्या. माझी सात वर्षांची मुलगी यावर जाम खूश होती.

दुसरं मूल हा विषय मात्र बंद झाला. या गोळ्या चालू असताना गरोदर राहायचंच नाही, ही सक्त अट. ते दुःख हसण्यावारी नेता येत नाही, आणि मी नेतही नाही. रिपोर्टच्या आदल्या रात्री झोप लागत नाही, तीही सवयीने सुधारलेली नाही. पीडीएफ नवरा उघडतो, फक्त आकडा सांगतो, मग चहा टाकतो.

परवा अप्रेझलच्या फॉर्ममध्ये नेहमीचा प्रश्न आला : पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता? मी खूप वेळ कर्सरकडे बघत बसले. मग लिहिलं, ‘मुलीच्या सातवीच्या गॅदरिंगला, पहिल्या रांगेत.’ मॅनेजरने मंजूर केलंय.

ऑफिसात कुणी असं असेल तर...

- सर्दी-खोकला असेल तर भेटायला जाऊ नका, फोन करा. आमची प्रतिकारशक्ती लंगडी असते.
- गव्हांकुराच्या रसाचे मेसेज फॉरवर्ड करू नका. त्यापेक्षा तपासणीच्या दिवशी हॉस्पिटलपर्यंत सोडा.
- स्वतःची मेडिक्लेम पॉलिसी आजच वाचा. विमा नियामकाने २०१९मध्ये बोनमॅरो ट्रान्सप्लान्ट, तोंडाने घ्यायची केमो, मोनोक्लोनल अँटिबॉडीची इंजेक्शनं यांना वगळू नका असं कंपन्यांना सांगितलंय. पण प्रत्येकाला किती रुपयांची मर्यादा आहे, ते बारीक अक्षरात असतं.
- काम काढून घेऊ नका. कमी करायचं असेल तर आम्हाला विचारा.