उभे राहताना ओसरणारा रक्तदाब

आडवा असलेला माणूस उठून उभा राहतो तेव्हा अर्धा ते पाऊण लिटर रक्त पायांच्या व पोटाच्या शिरांत उतरते. मान आणि छातीतील मोठ्या रोहिण्यांमधले दाबसंवेदक त्यामुळे होणारी दाबातली घट ओळखतात आणि स्वायत्त चेतासंस्था, म्हणजे इच्छेवाचून चालणारे मज्जातंतूंचे जाळे, नॉरॲड्रेनॅलिन सोडून रक्तवाहिन्या आवळते. मधुमेहाने किंवा पार्किन्सनसारख्या आजाराने हे तंतू निकामी झाले, की उभे राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा दाब किमान २० किंवा खालचा १० अंकांनी उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते.

येथे कामी येणारी औषधे समजून घेण्यास जुन्नर तालुक्यातील येडगाव धरणाचा आधार घेता येतो, कारण तेथून निघणाऱ्या कुकडी डाव्या कालव्याची पातळी जशी साठ्यावर आणि दरवाजांवर ठरते, तसाच रक्तदाब रक्ताच्या एकूण आकारमानावर आणि वाहिन्यांच्या आवळण्यावर ठरतो. फ्लुड्रोकॉर्टिसोन मूत्रपिंडाला मीठ व पाणी धरून ठेवायला लावून साठा वाढवते. मात्र त्याने पोटॅशियम घटते, पायांना सूज येते, आणि दुर्बळ हृदयाला हा भार पेलत नाही. मिडोड्रिन वाहिन्यांच्या भिंतींवरील अल्फा-१ ग्राहींना, म्हणजे नॉरॲड्रेनॅलिनचा संदेश झेलणाऱ्या रेणूंना, चेतवून वाहिन्या आवळते. १९८९ मध्ये जपानमध्ये आणि २०१४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या ड्रॉक्सिडोपापासून तर शरीरात नॉरॲड्रेनॅलिनच तयार होते.

अल्फा-१ ग्राहींशी महाराष्ट्राच्या वैद्यकाची जुनी ओळख आहे. लाल विंचवाच्या विषाने स्वायत्त चेतासंस्था खवळते, तेव्हा हेच ग्राही अडवणारे प्राझोसिन महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात वापरात आणले आणि असंख्य जीव वाचले. पण त्याच्या पहिल्या मात्रेनंतर रुग्णाला उठू देत नाहीत, कारण उभे राहताच दाब कोसळू शकतो. प्रोस्टेटसाठीच्या काही गोळ्याही याच जातीच्या असल्याने, दाब चढवणारे औषध लिहिण्याआधी रुग्णाच्या चालू गोळ्या पाहणे हेच पहिले उपचारकर्म ठरते.

खरी अडचण पुढेच आहे. निरोगी मज्जातंतू शरीराची स्थिती पाहून दाब वरखाली करतात, गोळीला मात्र रुग्ण उभा आहे की झोपला आहे हे कळत नाही, त्यामुळे दिवसा आधार देणारे मिडोड्रिन आडव्या माणसाचा दाब धोकादायकरीत्या चढवू शकते. म्हणून शेवटची मात्रा झोपण्याच्या किमान चार तास आधी घेतात, पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर उंच करतात, आणि सकाळी अर्धा लिटर पाणी भराभर पिऊन काही मिनिटांनीच उठण्याचा सल्ला देतात.