उभ्या यंत्राचा घसारा

टेक्सासच्या पश्चिमेला, पर्मियन खोऱ्यात, तेलविहिरींच्या शेजारी कॉम्प्रेसर दिवसरात्र धडधडत असतात. लोखंडी चौकटीवर बसवलेलं, बहुतेकदा कॅटरपिलरचं, गॅसवर चालणारं इंजिन, त्याला जोडलेला पिस्टनचा कॉम्प्रेसर आणि शेजारी मोठ्या पंख्याचा कूलर, असा हा संच. पाइपलाइनमधला दाब जास्त असतो, त्यामुळे विहिरीतल्या वायूला आपल्या जोरावर तिच्यात शिरता येत नाही. शेल खडकातल्या विहिरीचा जोर तर वर्ष-दोन वर्षांतच ओसरतो. शिवाय दाबलेला वायू पुन्हा विहिरीत सोडला की तेल वर चढतं. त्याला गॅस लिफ्ट म्हणतात. हे संच तेलकंपन्या अनेकदा विकत घेत नाहीत. ह्यूस्टनच्या आर्करॉकसारख्या कंपन्या ते आणून बसवतात, चालू ठेवतात आणि महिन्याचे पैसे घेतात.

म्हणजे या कंपन्यांचं भांडवल जवळजवळ सगळं या लोखंडातच. ताळेबंदात ते एका ओळीत मावतं: निव्वळ स्थिर मालमत्ता. खरेदीच्या किमतीतून आजवरचा घसारा वजा केला की उरतं ते निव्वळ.

समजा, अडीच हजार अश्वशक्तीचा संच 25 लाख डॉलरना घेतला, आयुष्य 25 वर्षं धरलं आणि भंगाराची किंमत शून्य मानली. दरवर्षी 1 लाख घसारा. दहा वर्षांनी वहीत उरले 15 लाख. आयुष्य 15 वर्षंच धरलं असतं तर उरले असते जेमतेम 8.3 लाख. संच तोच, विहीरही तीच. म्हणून वार्षिक अहवाल हातात आला की मी आधी आयुष्याच्या अंदाजाची टीप शोधतो.

‘घसारा’ म्हटलं की आपल्या कानांना घासणं, झिजणं ऐकू येतं. वहीतला घसारा मात्र झीज पाहत नाही. यार्डात गवतात उभ्या असलेल्या संचावरही तो तेवढाच लागतो. उलट, चालत्या संचाचं इंजिन उघडून मोठी दुरुस्ती केली, तर तो खर्च मालमत्तेत मिळवतात आणि पुढच्या काही वर्षांवर वाटतात. तेल बदलणं, प्लग बदलणं हा मात्र त्या त्या वर्षाचाच खर्च.

खरी परीक्षा मंदीत होते. 2015-16 मध्ये आणि पुन्हा 2020 मध्ये तेलाचे भाव कोसळले, तेव्हा बरेच संच, विशेषतः लहान, यार्डात परतले. पुन्हा कामावर जाण्याची आशा नसलेल्या संचांची किंमत अशा वेळी एकदम खाली आणावी लागते. चांगले सुटे भाग काढून दुसऱ्या संचांना लावतात, उरलेलं विकतात. या नोंदी मला सगळ्यात प्रामाणिक वाटतात. तिथे कंपनी आपला जुना अंदाज चुकल्याचं लेखी कबूल करते.

वर जाण्याची वाट मात्र अमेरिकी लेखानियमांत बंद आहे. नवा संच कितीही महागला तरी जुन्याची किंमत वहीत वाढवता येत नाही. अपवाद कंपनी विकली जाण्याचा. 2007 मध्ये हॅनोव्हर आणि युनिव्हर्सल या दोन कॉम्प्रेसर कंपन्या एकत्र येऊन एक्स्टेरन झाली, तेव्हा युनिव्हर्सलची यंत्रं त्या दिवसाच्या वाजवी मूल्याने नव्याने वहीत चढली. घसाऱ्याचं मोजमाप तिथून पुन्हा सुरू झालं. इंजिनांचे चाललेले तास होते तेवढेच राहिले. अशा दोन कंपन्या शेजारी ठेवताना डॉलरच्या आकड्याबरोबर अश्वशक्तीचा तक्ताही उघडावा: ताफ्यातली किती कामावर आहे आणि किती यार्डात.