हृदयाचा कासरा : लेखांक ६
रक्तात हरवणारा वायू

मागच्या लेखांकात हृदयाला आवर घालणाऱ्या व्हेगस मज्जातंतूची ओळख झाली. हृदयाला त्याच्या स्वतःच्या लयीवर सोडले तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देते. बसल्या जागी नाडी ७०च्या आसपास राहते, कारण व्हेगसने कासरा ओढून धरलेला असतो. मनगटावर दोन बोटे ठेवा आणि सावकाश श्वास घ्या. श्वास आत जाताना नाडी किंचित भराभर चालते, सोडताना संथ होते. तरुण, निरोगी माणसात हा फरक बोटांनाही जाणवतो.

व्हेगसच्या या कामात एका वायूचा हात आहे. त्याचे नाव नायट्रिक ऑक्साइड. आर्जिनिन या अमिनो आम्लापासून शरीर तो जिथल्या तिथे बनवते आणि काही सेकंदांत तो संपूनही जातो. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांनी दाखवून दिले की आतले नाजूक अस्तर शाबूत असेल तरच ॲसिटिलकोलीन या रसायनामुळे रक्तवाहिनी सैलावते; अस्तर खरवडले गेले की नाही. अस्तरातून सुटणारा पदार्थ म्हणजे हाच वायू, हे १९८७ पर्यंत पक्के झाले. १९९८ चे नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळाले, ते या शोधासाठी.

रक्तवाहिन्यांतल्या या कामाचाच गवगवा झाला, पण मज्जातंतूंतले त्याचे काम मला जास्त विलक्षण वाटते. व्हेगसच्या टोकाशी तो ॲसिटिलकोलीनचा स्राव वाढवतो, त्यामुळे ठोके मंदावतात. हृदयाला पळवणाऱ्या सिम्पथेटिक तंतूंचा जोर तो कमी करतो. मेंदूच्या तळाशी, रक्तदाबाची सूत्रे जिथून हलतात तिथेही तो हजर असतो.

हाच वायू हिरावून घेणाऱ्या एका आजारासाठी आता आपल्या गोंदिया जिल्ह्याकडे येऊ. पूर्व विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार घरोघर ठाऊक आहे. सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगावकडच्या गावांत ‘एएस पॅटर्न’ (वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (रुग्ण) हे शब्द आशाताईंच्या तोंडी असतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. एसएस रुग्णाची जेमतेम १० ते २० दिवस. पेशी फुटली की आतले हिमोग्लोबिन रक्तद्रवात मोकळे होते, आणि मोकळे हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड दिसता क्षणी गिळून टाकते. फुटलेल्या पेशीतून आर्जिनेज हे विकरही बाहेर पडते आणि ते आर्जिनिनच संपवते. म्हणजे तयार वायूही जातो आणि त्याचा कच्चा मालही.

सिकलसेलच्या रुग्णांच्या नाडीचा बारकाईने अभ्यास झाला आहे. श्वासाबरोबर होणारा तो चढउतार त्यांच्यात कमी आढळतो; व्हेगसची पकड ढिली पडलेली असते. एक साधा उसासा टाकला तरी बोटांतल्या रक्तवाहिन्या निरोगी माणसापेक्षा जास्त आवळतात. यामागे नायट्रिक ऑक्साइडची चणचण किती आणि इतर कारणे किती, याचा हिशेब संशोधक अजून मांडत आहेत. पण आवळलेल्या वाहिनीत विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकल्या की वेदनेचा झटका येतो.

म्हणून आषाढात दिवसभर बांधीच्या चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या एसएस मुलीला ‘अंग चोरते’ म्हणणे हा अन्याय आहे. भिजणे, गारठा, दमणूक आणि पाणी न पिणे, या चारही गोष्टी तिच्या रक्तवाहिन्यांवर एकदम चालून येतात. पौषातला गोंदियाचा गारठा तर विदर्भात नावाजलेला.

मग हा वायू बाहेरूनच का देऊ नये? तेही करून पाहिले. वेदनेचा झटका आलेल्या १५० रुग्णांवर नायट्रिक ऑक्साइड हुंगवण्याची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. झटका लवकर ओसरला नाही. बाजारात ‘नायट्रिक ऑक्साइड वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी पूड सिकलसेलवर औषध समजून घेऊ नका. हायड्रॉक्सियुरिया मात्र सिद्ध झालेले औषध आहे; ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यायचे.

आई-वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते. सोयरीक जुळवण्याआधी मुलाची आणि मुलीची दोघांची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात करून घ्या. आणि घरात एसएस रुग्ण असेल तर यंदाच्या रोवणीत त्याला चिखलात उतरवू नका.