वेलीला न येणारी झोप

नाशिकच्या वायनरी पाहून आलेल्या आपल्या शहरातल्या एका वाचकाने विचारलं आहे : पीक निघाल्यावर एप्रिलच्या भर उन्हात द्राक्षबागा बोडक्या का करतात? ऑक्टोबरात पुन्हा छाटणी कशाला? युरोपात तर ती वर्षातून एकदाच होते.

उत्तर नाशिकपेक्षा दौलताबादेहून सुरू करणं बरं. १३४०च्या दशकात मोरोक्कोतल्या टँजिअरचा प्रवासी इब्न बतूता तिथे येऊन गेला. किल्ल्याच्या कोठडीतल्या मांजराहून मोठ्या उंदरांची त्याची हकीकत सगळे सांगतात. त्याच वर्णनातली दुसरी नोंद मला कितीतरी मोलाची वाटते : इथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात.

टँजिअरच्या माणसाला हे टिपून ठेवावंसं वाटलं, यात नवल नाही. भूमध्य समुद्राकाठी वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपली थंडी तिला झोपवण्याइतकी कडक नाही. त्यामुळे इथे वेल छाटाल तेव्हा फुटते. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यात आजही वर्षाला एकाहून जास्त पिकं घेतात. महाराष्ट्रात मात्र पावसात पिकणाऱ्या घडांना केवडा, म्हणजे डाऊनी, गाठतो. हा रोग मूळचा अमेरिकेतला. १८७८च्या सुमारास तो फ्रान्समध्ये पोहोचला आणि त्याच्याशी झुंजतानाच मिलार्दे या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाला बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सापडलं. इब्न बतूताच्या काळी तो इथे नव्हता, म्हणून पावसाळी पीकही तेव्हा साधत असावं, असा माझा तर्क आहे.

म्हणून आता इथे छाटण्या दोन, पण पीक एकच. एप्रिलची खरड छाटणी काडीसाठी, ऑक्टोबरची फळासाठी. खरी गंमत या दोन्हींच्या मध्ये आहे. नव्या काडीच्या डोळ्यात, छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत, एक सूक्ष्म कोंब तयार होतो. त्याचा घड होईल की नुसती बाळी, म्हणजे आधाराला धरणारा ताणा, हे तेव्हा ठरलेलं नसतं. या दोन्हींचं मूळ एकच. डार्विनने वेलींवरच्या पुस्तकात घड आणि बाळी यांच्या मधल्या अवस्था बारकाईने नोंदवल्या होत्या. पण कोंबाला वळण कोण देतं?

इथे मला सी. श्रीनिवासन यांचं नाव ठळक घ्यायचं आहे, कारण आपल्या बागायतदारांच्या बैठकांतही ते फारसं कानावर येत नाही. १९७८ साली त्यांनी आणि मायकेल मलिन्स यांनी सिडनी विद्यापीठातलं काम प्रसिद्ध केलं : वेलीच्या बाळ्या कापून काचपात्रात वाढवल्या, त्यांना सायटोकायनिन हे संप्रेरक दिलं आणि बाळ्यांना चक्क फुलोरे आले! किती सुंदर प्रयोग! जिब्रेलिन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढला की उलट घडतं, बाळी होते. मे-जूनमध्ये आभाळ भरून राहिलं, मांडवावर पानांची गर्दी झाली किंवा नत्र आणि पाणी जास्त झालं की पारडं बाळीकडे झुकतं. म्हणून त्या दिवसांत पाणी तोडतात, शेंडा मारतात, सबकेन (बगलफुटीची काडी) करतात, डोळ्यांपर्यंत ऊन पोहोचेल असं बघतात.

नाशिकला 'भारताचं नापा' म्हणणारी जाहिरात मला म्हणूनच पटत नाही. कॅलिफोर्नियातल्या नापात वेल झोपते, द्राक्षं शरदात हवा निवत जाताना उतरतात. नाशिकला ती फेब्रुवारी-मार्चमध्ये, ऊन चढत असताना पिकतात. उष्णतेत मॅलिक आम्ल झपाट्याने जळतं आणि वाइनचा तजेला जातो, म्हणून काढणीची वेळ नेमकी साधावी लागते. न झोपणाऱ्या वेलीकडून एकच चांगलं पीक घेण्याचं हे शास्त्र नापाकडून उसनं मिळणारं नाही.

बागा बघायला फेब्रुवारीत जरूर जा, पण एकदा सप्टेंबरातही जा. ऑक्टोबर छाटणीआधी बागायतदार काड्यांचे जुडगे घेऊन तपासणीला येतात. प्रयोगशाळेत एकेक डोळा चिरून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. कितव्या डोळ्यात घड आहे ते कळलं, की कात्री कुठे लावायची ते ठरतं.