झीलकऱ्याचे शिक्षण

आपल्या वस्त्यांतील गायन पार्टी हा फावल्या वेळेचा उद्योग. परंतु तो वेळ घालविण्याचा उद्योग कधीच नव्हता. दिवसभर गिरणीत, रेल्वेत वा शेतात राबलेली माणसे रात्री एकत्र बसत, ढोलकी-पेटीच्या साथीने पदे घोळवीत आणि सकाळी पुन्हा कामावर जात. या निष्ठेला मोठी परंपरा आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. त्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी पुढे तमाशाचा परिचित साज घेऊन, त्यातील शृंगार बाजूला सारून सत्यशोधक जलसे उभे केले. याच वाटेने आंबेडकरी जलसा आला. महाडचा सत्याग्रह, काळाराम मंदिराचा लढा, शिक्षणाचे महत्त्व हे सारे जलशांनी अक्षरशत्रू माणसांपर्यंत गाण्यातून व संवादांतून पोहोचविले. भीमराव कर्डक यांनी स्वतः जलसा चालविला आणि उतारवयात त्याचा इतिहासही लिहून ठेवला. शाळेची पायरी न चढलेल्या वामनदादा कर्डकांनी तरुणपणी मुंबईत अक्षरओळख करून घेतली आणि पुढे आयुष्यभर गीते रचली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बुद्ध-भीमगीतांच्या गायन पार्ट्यांनी हीच परंपरा पुढे नेली.

या गायनाचे मर्म मुख्य गायकाइतकेच झीलकऱ्यात आहे. गायक कडवे संपवितो तेव्हा झीलकरी पालुपद उचलून धरतात. तेवढ्या अवधीत गायकाला दम घेता येतो आणि श्रोत्यांच्या मनात अर्थ ठसतो. झीलकऱ्याला संपूर्ण पद पाठ असावे लागते. कोठे उचलावे, कोठे थांबावे, हे त्याला कानाने ओळखावे लागते. आपला आवाज इतरांवर चढू न देण्याचा संयम राखावा लागतो. ऐकणे, लक्षात ठेवणे आणि स्वतःला समूहात सामावून घेणे, हे शिक्षण त्याला कोणत्याही शुल्काविना मिळते.

अभ्यासाचा वेळ गाण्यात का दवडावा, असे काही पालक विचारतात. त्यांची काळजी आम्ही जाणतो. वसतिगृहात मूल ठेवण्यासाठी त्यांनी किती सोसलेले असते, हेही जाणतो. तरीही आम्हांस खंत वेगळीच वाटते. आज जयंतीला ध्वनिवर्धकांच्या भिंती उभ्या राहतात, गीत कानठळ्या बसवीत येते, आणि सोबत गाणारा मात्र कोणी उरत नाही. मुद्रित गीताला झीलकऱ्याची गरज नसते. झीलकरी संपला की पद पाठ असणारा माणूस संपतो, आणि त्याच्यासोबत पदातला इतिहासही विस्मरणात जातो.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे: आपल्या वस्तीतील वयोवृद्ध गायकांकडे जा, त्यांच्याजवळील वह्या उतरवून घ्या, चाली शिकून घ्या आणि सुट्टीच्या दिवशी येथे येऊन मुलांना त्या द्या. आवाज गोड नसला तरी चालेल. झील धरणाऱ्याने वेळेवर साथ द्यावी, एवढेच पुरेसे आहे.