क्लामथ नदीचं पाणी नक्की कुणाचं?

आज जाऊया अमेरिकेतल्या क्लामथ नदीवर. १८६४ च्या तहात क्लामथ आदिवासींनी जमीन सोडली, पण मासेमारीचा हक्क राखला. आता मासे जगायचे तर पाणी नको का? म्हणून १९८३ मध्ये कोर्टाने पाण्यावरही त्यांचा हक्क मानला, तोही सगळ्यात जुना.

२००१ च्या दुष्काळात दुर्मीळ माशांसाठी बहुतेक शेतकऱ्यांचे कालवे बंद झाले. २००२ मध्ये शेतीला पाणी मिळालं. खाली युरोक आदिवासींच्या भागात नदीचं पाणी कमी नि कोमट झालं, रोग पसरला, हजारो सॅमन मेले.

२०२४ मध्ये चार धरणं पाडून झाली, सॅमन वर परतले. पण ती धरणं विजेची होती. शेतीच्या पाण्याचा वाद तसाच आहे. मला विचाराल तर, दुष्काळात कुणी किती सोसायचं हे पाऊस चांगला असतानाच ठरवायला हवं.